सोनीला सुई दिली ते चुकलं का?

पत्र असं आहे:

"आमच्याकडे दोन घोडे. सोनी एकोणीस वर्षांची, बादल अकरा वर्षांचा. यजमान नागावच्या किनाऱ्यावर घोडागाडी चालवतात. दिवाळीच्या गर्दीत गाडी सोडायला फुरसत नव्हती, म्हणून दुपारचा पेंढाही तिथेच वाळूवर टाकायचो. गर्दी ओसरली आणि पाचव्या दिवशी रात्री दहाच्या सुमारास सोनीच्या पोटात दुखायला लागलं. पाय आपटायची, वळून वळून पोटाकडे बघायची, लोळायची. सासऱ्यांनी ओवा, हिंग, सुंठेचा अर्धा लिटर काढा बाटलीने पाजला. यजमानांनी दोन तास फिरवली. डॉक्टर लांबून आले, अडीच वाजले. त्यांनी दुखणं थांबायची सुई दिली, पण पाऊण तासात परत लोळायला लागली. चारला एकदम शांत झाली. आम्हाला वाटलं उतार पडला. तर अंग गार घामाने निथळत होतं आणि हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हिला आता सोडवा. यजमानांनी मान हलवली. शेवटच्या सुईनंतर तिने दोनदा मोठा श्वास ओढला, तो आवाज अजून कानात आहे. मुलगा नऊ वर्षांचा, त्याने बघू नये म्हणून उजाडायच्या आत जेसीबी बोलावून वाडीत पुरली, विहिरीपासून तीसेक हातांवर. आज चौथा दिवस. बादल धड खात नाही, रात्रभर खिंकाळतो. सासरे पहाटे पाचला अजून दोघांच्या बादल्या भरतात. शेजारीपाजारी म्हणतात, जनावरच होतं, दुसरं घ्या. यजमान सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जाऊन नाताळच्या आधी दुसरी घोडी आणायची म्हणतात, त्यांचा मला राग येतो. चौदा वर्षं तिची दाण्याची चंदी मी केली. आमचं काय चुकलं? सुई द्यायला नको होती का? — एक वहिनी, रेवदंड्याजवळून"

वहिनी,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण झोप त्यानेच उडाली असणार. सुई देऊन तुमचं चुकलं नाही. उशीरही झाला नाही आणि घाईही झाली नाही.

चार वाजता सोनी शांत झाली तो उतार नव्हता. घोड्याला उलटी करता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं वर येत नाही. त्याचं जठर अंगाच्या मानाने लहान, आठ ते पंधरा लिटरचं, आणि मागचं आतडं मात्र कित्येक मीटर लांब, पोटात सैल घड्या पडलेलं. पुढे अडलं की मागे वायू आणि पाणी साचतं, भिंत ताणली जाते आणि दुखतं ते त्या ताणामुळे. ताण सोसेना झाला की भिंत फाटते. फाटल्यावर ताण जातो, म्हणून जनावर काही वेळ शांत दिसतं. पण आतला मळ पोटाच्या पोकळीत सांडलेला असतो. त्यानंतर येतो तो गार घाम, जांभळ्या हिरड्या आणि हाताला जेमतेम लागणारी, धावणारी नाडी. आतड्याला पीळ बसून त्याचा रक्तपुरवठा तुटला आणि ते आतल्या आत मेलं, तरी शेवटी चित्र असंच दिसतं. पोट उघडून पाहिलेलं नसल्यामुळे या दोहोंपैकी नेमकं काय झालं हे आता ठरवता यायचं नाही, पण दोन्हींत त्या वेळी हाती उरतं ते एकच. फाटल्यावर औषध चालत नाही, शस्त्रक्रियाही चालत नाही. राहिले असते ते काही तास, आणि ते फार वाईट गेले असते. बरं होण्याची आशा नसलेल्या, यातनेत पडलेल्या जनावराला पशुवैद्याच्या मताने शांत मरण द्यायची तजवीज आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही आहे. डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर होतं, आणि यजमानांनी मान हलवली तीही बरोबर.

ते दोन श्वास. त्या सुईत गुंगीच्या औषधाचा फार मोठा डोस असतो. आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. शुद्ध गेल्यावरही मेंदूच्या अगदी खालच्या भागातून एखाद-दुसरा झटका निघतो, छाती ओढली जाते, पायाचे किंवा ओठाचे स्नायू थरथरतात, डोळे उघडेच राहतात. हे पुष्कळ घोड्यांत होतं आणि डॉक्टर गडबडीत आधी सांगायला विसरतात. दुखणं जाणवायला जो भाग जागा लागतो तो त्याआधीच बंद झालेला असतो. तो आवाज सोनीने काढलेला नव्हता, वहिनी. तिच्या फुप्फुसांतून निघाला, एवढंच.

आता बाकीचा हिशेब. तुम्ही सगळ्याच गोष्टींचं ओझं एकत्र बांधून डोक्यावर घेतलंय. ते सोडून एकेक वेगळी बघू.

काढ्याने सोनी गेली नाही. अर्धा लिटर पाण्याने जठर फुटत नाही. पण पुन्हा कधी पाजू नका. पोट अडलेल्या घोड्याच्या जठरात आधीच पाणी साचलेलं असतं, वरून ओतलं तर भर पडते. दुसरं म्हणजे बाटलीने पाजताना डोकं वर धरावं लागतं, आणि वेदनेत असलेला घोडा ठसकला की औषध फुप्फुसात जातं. त्यातून होणारा न्यूमोनिया पोटशुळातून वाचलेल्या घोड्यालाही नेतो. डॉक्टर नाकातून नळी घालतात ती आधी आतलं पाणी बाहेर काढण्यासाठी, आणि मगच काही द्यायचं की नाही ते ठरवतात.

दोन तास फिरवल्यानेही काही बिघडलं नाही आणि काही साधलंही नाही. दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवलं तर वायू सरकायला कधी मदत होते. त्यापुढे घोडा फक्त दमतो आणि माणूसही. स्वस्थ पडून राहत असेल तर राहू द्यावा. लोळल्याने पीळ पडतो ही समजूत आपल्याकडे पक्की आहे, पण बहुतेक वेळा घोडा लोळतो तो पीळ आधीच पडलेला असतो म्हणून.

दहाला दुखणं सुरू झालं आणि डॉक्टर अडीचला पोचले. रात्री गावाकडे घोड्याचं काम येणारा डॉक्टर साडेचार तासांत पोचणं हे आपल्याकडे नशीबच म्हणायचं. पोटशुळाची शस्त्रक्रिया देशात मोजक्याच ठिकाणी होते. तिला रात्रीच ट्रकमध्ये घालून मुंबईकडे काढलं असतं, तर तो प्रवास बहुधा वाटेतच संपला असता. पहिल्या सुईचा असर पाऊण तासात उतरला, यावरूनच डॉक्टरांना अंदाज आला असणार. साधा वायूचा शूळ त्या सुईने बराच वेळ दबतो. लगेच उसळून येतं ते दुखणं बहुतेकदा साधं नसतं.

राहिला वाळूवर टाकलेला पेंढा. याबद्दल सरळ लिहितो, कारण बादल अजून तुमच्या दावणीला आहे.

घोडा ओठांनी वेचून खातो. चारा वाळूवर असला की प्रत्येक घासाबरोबर थोडी वाळू जाते. ती जड असल्यामुळे मोठ्या आतड्याच्या खालच्या वळणात बसते आणि आठवड्यामागून आठवडे साठत राहते. लक्षणं फसवी असतात: अधूनमधून पातळ लीद, चंदी पोटभर मिळूनही पाठ भरत नाही, जेवणानंतर हलकंसं दुखून आपोआप थांबतं. मग एक दिवस सगळं अडतं. सोनीचं असंच झालं असं मी म्हणत नाही, आतडं पाहिल्याशिवाय कोणालाच म्हणता येणार नाही. किनाऱ्यावर कितीतरी घोडे असेच खातात, आणि एकोणिसाव्या वर्षी पोटशुळाला दुसरी अनेक कारणं असतात: झिजलेले दात, कमी पाणी, पेंढ्याचा गोळा. भाताचा पेंढा आपल्याकडे मुबलक, पण तो चरबरीत आणि निकस. नुसत्या पेंढ्यावर ठेवलेल्या आणि पाणी कमी पिणाऱ्या घोड्याच्या आतड्यात त्याची घट्ट गाठ होते. निम्मा तरी चारा वाळलेल्या गवताचा हवा.

बादलची तपासणी उद्या सकाळीच करा. ताज्या लिदीचे वरवरचे सहा गोळे घ्या, जमिनीला टेकलेले नकोत. पारदर्शक बाटलीत किंवा बरणीत लिटरभर स्वच्छ पाणी घेऊन त्यात ते कुस्करा, ढवळा आणि अर्धा तास हलवू नका. मग बाटली तिरकी करून तळ बघा. बोटाला कचकच लागणारी वाळू चहाच्या चमच्याहून जास्त असेल तर ती पोटात साचते आहे. कमी आली म्हणून निर्धास्त राहू नका. वाळू रोज सारखी पडत नाही, म्हणून आठवड्याने पुन्हा करा.

वाळू निघाली तर लोक इसबगोल सांगतील. वजनाच्या दर किलोमागे अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे ३०० किलोच्या बादलला १५० ते ३०० ग्रॅम, दिवसातून एकदा, सात दिवस, असं प्रमाण चालतं. थोडं तेल लावलेल्या कोंड्यात कोरडंच मिसळून लगेच खाऊ घालायचं, नाहीतर त्याचा गिच्च गोळा होतो आणि घोडा तोंड फिरवतो. पण नुसत्या इसबगोलाने साचलेली वाळू निघेलच असं नाही. जास्त असेल तर डॉक्टर नळीवाटे मॅग्नेशियम सल्फेटबरोबर देतात, तो उपाय अधिक खात्रीचा. यापेक्षा मोलाचं काम तोबऱ्याचं, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायच्या पिशवीचं. किनाऱ्यावर चंदी तोबऱ्यात आणि चारा जाळीत किंवा गाडीच्या मागे बांधलेल्या गोणपाटाच्या झोळीत, घोड्याच्या छातीच्या उंचीवर. एवढं झालं की निम्मा प्रश्न मिटतो. उपाशी घोडा वाळू चाटतो, म्हणून किनाऱ्यावर नेण्याआधी घरी चारा घाला.

बादल खात नाही, ही मात्र थांबण्यासारखी गोष्ट नाही. बादलसारखं लहान चणीचं तट्टू उपाशी राहिलं की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत बिघडतं. घोड्यापेक्षा तट्टवात आणि गाढवात हे लवकर होतं, आणि अंगाने भरलेल्या जनावरात जास्त. सलग चोवीस तास काहीच तोंडात घेतलं नाही तर दुःखाचं आहे म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना बोलवा. तोवर मोजा. बादलीवर खूण करून पाणी मोजा: दिवसाला पंधरा लिटरच्या खाली जाता कामा नये. लिदीचे ढीग मोजा. नाडी जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने बोटं टेकवून मिळते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. स्वस्थ उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. साठच्या वर गेली आणि घोडा शांत उभा असला तरी फोन करा. ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियसमध्ये हवा. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. नाकातून घट्ट स्राव, अंगावर गाठी किंवा ताप असेल तर ते दुःख नव्हे, सरकारी दवाखान्यात लगेच कळवा.

हे सगळं नीट असेल तर मग तो सोनीला शोधतो आहे असं धरायला हरकत नाही. घोड्याच्या मनात काय चाललंय ते कोणी सांगू शकत नाही, पण सोबती गेल्यावर तो काय करतो ते दिसतं: हाका मारतो, दावणीत येरझाऱ्या घालतो, कान त्या दिशेला ठेवून उभा राहतो, घास अर्धा टाकतो. कळपातल्या जनावराला एकटं उभं राहणं म्हणजेच धोका वाटतो. मेलेला सोबती हुंगू दिला तर पुष्कळ घोडे लवकर निवतात, पहाटे ते राहिलं. पुढे कधी अशी वेळ आलीच तर अर्धा तास मोकळा ठेवा. सध्या त्याला एकट्याला ठेवू नका. गाय, शेळी, जे घरात असेल ते त्याला दिसेल असं बांधा. शेळीची सोबत घोड्याला चांगली मानवते. सोनीच्या जागेकडे तोंड करून उभा राहत असेल तर ओढून फिरवू नका. जागा लगेच धुऊन फिनेल टाकायचीही गरज नाही, हा संसर्गाचा प्रकार वाटत नाही.

तुमचं त्याच्यापाशी जाणं औषधाइतकंच उपयोगी आहे. घोडा माणसाचा चेहरा आणि आवाज ओळखतो, हे आता प्रयोगांनीही दाखवलंय. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात घोड्यांना माणसांच्या रागावलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले, तर त्यांनी ते डाव्या डोळ्याने बघितले आणि त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढले. १९९३ च्या एका फ्रेंच अभ्यासात आयाळ संपते तिथे, मानेच्या बुडाशी खाजवल्यावर ठोके उतरलेले आढळले. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ती हीच जागा. तेव्हा खरारा (अंग घासायचा ब्रश) घेऊन रोज ठरल्या वेळी जा, पाच-दहा मिनिटं तिथेच घोळवा. रडू आलं तर येऊ द्या. रडणाऱ्या माणसाला बादल बुजणार नाही, आदळआपट करणाऱ्याला बुजेल. आणि निदान आठवडाभर त्याला गर्दीत गाडीला जोडू नका. सोबत्याला शोधणारा घोडा मधेच थांबतो, वळतो, आणि मागे पोरंबाळं बसलेली असतात. रोजच्या वेळेला, ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर नुसता हातात धरून फिरवून आणा.

घरच्यांचं. सासऱ्यांना दोन बादल्या भरू द्या. "अहो आप्पा, सोनी नाही आता" हे त्यांना कळत नाही असं थोडंच आहे? ज्याने आयुष्यभर पहाटे पाचला उठून घोड्याला पाणी दाखवलं, त्याचे हात लगेच थांबत नाहीत. दुसरी बादली शेळीला जाईल. त्यांना वर सांगितलेली मोजणी द्या: पाणी, लीद, नाडी, वहीत तारीख घालून. हे काम त्यांच्याइतकं चोख दुसऱ्या कोणाकडून होणारही नाही. मात्र जेवण सुटलं, झोप गेली, अबोला धरला, किंवा बाटली जवळ केली आणि पंधरवडा उलटूनही फरक नसेल, तर त्यांच्यासाठी माणसांच्या डॉक्टरकडे जा. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ वर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. ती तुमच्यासाठीही आहे.

मुलाला खरं सांगा, "मेली" हा शब्द वापरून. "झोपली" म्हणालात तर तो रात्री झोपायला घाबरेल. "गावी पाठवली" म्हणालात तर शेजारचं पोर दोन दिवसांत खरं सांगेल आणि मग तुमच्या शब्दावर तो भरवसा ठेवणार नाही. पोटात आतडं बिघडलं, डॉक्टरांना बरं करता येईना, फार दुखत होतं म्हणून सुई दिली, ती आता परत येणार नाही, वाडीत पुरली आहे. एवढं पुरे. आईबाबांना पोटात दुखलं तर त्यांनाही सुई देणार का, असं विचारेल. हसू नका, रागावू नका. माणसाचं ऑपरेशन जवळच्या दवाखान्यात होतं हे सांगा. जागा दाखवा, फूल ठेवायचं म्हणाला तर ठेवू द्या.

दहावा-तेरावा करायचा का असं तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण "जनावरच होतं" हे वाक्य तुम्हाला लागलंय त्यात तेही आलंच. दसऱ्याला जिच्या कपाळाला कुंकू लावलं तिच्या नावाने खुंट्यापाशी नारळ फोडायला कोणाची परवानगी लागत नाही. शेजाऱ्यांना उत्तर देत बसू नका. गाडीचा घोडा गेला की घरातली भाकरीही जाते आणि माणूसही, हे ज्याच्या दारात घोडा नाही त्याला सांगून कळायचं नाही. तिच्या खुंट्याला, जिनाला अडकलेले शेपटीचे केस मिळतील ते गोळा करा. शिकेकाईच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा आणि एका टोकाला घट्ट दोरा गुंडाळून ठेवा. कोरडे राहिले तर वर्षानुवर्षं टिकतात. पावसाळ्यात मात्र डब्यात कापराची वडी हवी.

आता विहीर, कारण हे काम लांबवण्यासारखं नाही. तीस हात म्हणजे पंचेचाळीस फूट, चौदा मीटरसुद्धा नाही. एवढं जनावर पुरताना विहिरीपासून निदान तीस मीटर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावं. उकरून काढू नका, त्याने घाण जास्त पसरेल. पण ते पाणी पिणं आणि स्वयंपाकाला वापरणं आजपासून थांबवा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून नमुना प्रयोगशाळेत पाठवा, आणि एकदा चांगला आला म्हणून थांबू नका. दर महिन्याला पाठवा, पावसाळा लागल्यावर तर नक्कीच, कारण जमिनीतलं पाणी वर येतं तेव्हाच खरा धोका. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ताजी असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते, टाकल्यावर तासभर पाणी उपसायचं नाही. क्लोरीनने जंतू मरतात, बाकीचं काही निघत नाही, म्हणून अहवाल सलग चांगले येईपर्यंत पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा.

खड्ड्यावर तीन-चार फूट माती आहे का बघा. पोट फुगून बसलं की काही आठवड्यांनी वरची माती खचते. तिथे पाणी साचू नये म्हणून उंचवटा करा, मे महिन्यात पुन्हा भर घाला आणि वर जांभ्याचे चिरे पसरा. कोल्ही-कुत्री उकरतील ही भीती फक्त घाणीची नाही. त्या सुईचं औषध मांसात फार काळ टिकतं आणि खाणारं जनावर मरतं. "डोंगरात टाकायची होती" असं कोणी म्हणालं असेल तर पुरलीत तेच बरं केलंत. म्हसळा-श्रीवर्धनकडे थोडी गिधाडं उरली आहेत. जनावरांच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांपायीच, आणि दुखणं थांबवणारी त्या जातीची इतरही काही औषधं त्यांना बाधतात. नारळाचं रोप त्या जागी एवढ्यात लावू नका, चाफा लावायचा तर बाजूला आणि एक पावसाळा गेल्यावर.

सारंगखेडा. यजमानांचा राग येतो म्हणता, तो येणारच. पण ते सोनीची जागा भरायला निघालेत असं वाटत नाही. नाताळ ते एकतीस डिसेंबर या आठवड्याच्या कमाईवर पावसाळ्याचे चार महिने काढायचे असतात, ते त्यांच्या डोक्यात आहे. त्यांच्याशी भांडायचं तर दुःखावरून भांडू नका, हिशेबावरून भांडा. तापीकाठची ती यात्रा दत्तजयंतीला सुरू होते. तिथून आणलेला घोडा नाताळपर्यंत गाडीला लावायचा म्हणजे हातात दोन-तीन आठवडे. नवा घोडा एकवीस दिवस बादलपासून वेगळा ठेवायचा असतो, त्यातच ते संपले. वर खानदेशातल्या कोरड्या हवेतला घोडा, त्याने फेस उसळणारी लाट पाहिलेली नाही, जेट-स्कीचा आवाज ऐकलेला नाही. हा किनारा मुळात घोड्याचा नव्हेच. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुझहून गलबतातून घोडा घेऊन उतरला तो तुमच्याच शेजारच्या चौलला, कारण इथे तो बाहेरून आणावा लागे आणि म्हणूनच त्याला भाव होता. दमट हवेत नव्या घोड्याला कधी कधी घाम येणंच बंद होतं, आणि मग थोड्या कामानेही तो तापून कोसळतो. डिसेंबर-जानेवारीची हवा रुळायला उत्तम, पण ती रुळायला वापरायची, गाडी ओढायला नाही. शिमग्याच्या आधी नवी घोडी गर्दीत नेऊ नये.

जायचं तर जाऊ द्या, पण पाहून घेऊ द्या. वरच्या जबड्यातल्या अगदी कडेच्या पुढच्या दातावर एक उभी खाच असते. ती दहाव्या वर्षाच्या सुमाराला हिरडीपाशी दिसू लागते, पंधराला निम्म्या दातावर उतरते, विसाला टोकाला पोचते. दातावरची काळी खूण कोरून वय लपवता येतं, ही खाच लपवणं अवघड. कडक जमिनीवर, मोकळ्या दोरीवर दुडकी चाल बघा: लंगडणाऱ्या पुढच्या पायावर भार आला की डोकं वर उडतं. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झाल्याचा दाखला नसेल तर घोडी कितीही देखणी असो, हात लावायचा नाही. तो रोग माणसालाही होतो आणि सापडला तर बादलही तपासणीच्या फेऱ्यात येईल. धनुर्वाताची लस दोघांनाही टोचून घ्या. विमा उतरवणार असाल तर दोन्ही बाजूंचे फोटो, भोवरे आणि पांढऱ्या खुणा यांची नोंद आधीच करून ठेवा. शवविच्छेदनाचा दाखला नसला की दावा अडतो.

या वर्षीचा नाताळ बादलवर काढायचा. सकाळी आणि ऊन उतरल्यावर अशा दोनच पाळ्या, मधे सावली, चारा आणि पाणी, चंदीत रोज दोन-तीन चमचे मीठ. कमाई घटेल, निम्म्यावरही येईल. कोणाचा घोडा भागीत मिळत असेल तर तेवढ्या आठवड्यापुरता घ्यावा, त्यालाही दाखला बघूनच.

आणि घोडी आलीच, तर तिची बादली, खरारा, म्होरकी वेगळी. कामाचा क्रम रोज आधी बादल, मग ती, आणि मधे साबणाने हात. खरं तर एकवीस दिवस दोघांना दोन वेगळी माणसं बघतील तर उत्तम. नव्या घोडीचं सगळं यजमानांनी करावं, तुम्ही बादलकडे राहा. चंदी तिला तुम्ही कधी घालायला लागायचं, ते तुम्ही ठरवा.